यारो: बी पेरावं की बेट फोडावं?

यारो या फुलझाडाचं बी इतकं बारीक असतं की चिमूटभरात कितीतरी रोपं निघतील. पण ते मातीखाली गाडलं की उगवत नाही, त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरायचं, हलकं दाबायचं आणि पाण्याचा फक्त फवारा मारायचा. १८ ते २४ अंश तापमानात दोनेक आठवड्यांत कोंब दिसतात. फुलांसाठी मात्र बहुतेकदा दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागते. शिवाय लाल किंवा गुलाबी संकरित जातीचं बी धरलंत, तर येणारा रंग तोच असेल याची खात्री नाही. कोणाला ही गंमत वाटेल, कोणाला डोकेदुखी.

बेट फोडलं, म्हणजे वाढलेल्या झुपक्याचे मुळांसकट तुकडे करून लावले, की रंगाचा प्रश्नच मिटतो. यारो जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरत जातो आणि दोन-तीन वर्षांत बेटाचा मधला भाग विरळ पडतो. तेव्हा वसंताच्या सुरुवातीला ते उपटून कडेचे जोमदार, मुळं असलेले तुकडे ३० ते ४५ सेंटिमीटरवर लावायचे. मधला जून भाग खुशाल फेकून द्या. यात जुन्या झाडाचीही डागडुजी होते, म्हणून माझा कौल फोडण्यालाच. बी फक्त मोठा वाफा स्वस्तात भरायचा असेल तर.

पुढची निगा दोन्हीकडे सारखीच: भरपूर ऊन, निचऱ्याची जमीन. आणि खत नको! लाड केले की दांडे लोळतात.