वार दाखवणारे विजेचे घड्याळ : चार महिन्यांच्या वापरानंतर

सासऱ्यांसाठी हे घड्याळ का घ्यावे लागले, ते आधी सांगायला हवे. आबा ७९ वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर आहेत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या विसराळूपणाला सौम्य बोधात्मक ऱ्हास असे नाव दिले; हा डिमेन्शिया नव्हे, पण दिनक्रम मोडू देऊ नका, असे बजावले. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी तो दिनक्रम सकाळच्या एसटीवर अवलंबून होता. तिच्यातून पेपर यायचा, आबा तो आणायला नाक्यावर जायचे आणि वार-तारीख त्यांना आपसूक कळायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एसटीबरोबर पेपरही बंद झाला. मग दिवसातून पंधरा-वीस वेळा प्रश्न येऊ लागला, "अगो, आज वार कुठचा?" उत्तर मिळूनही त्यांची तगमग थांबत नसे, रात्री उठून ते पडवीत येरझाऱ्या घालत. ज्यांनी रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलण्यात नोकरी काढली, त्यांना तारीख विचारावी लागण्याची लाज वाटत होती, हे मला उशिरा उमगले.

मेअखेर पार्सल आले. आठ इंची काळ्या पडद्यावर वार, प्रहर, वेळ आणि तारीख एवढेच ठळक पांढऱ्या अक्षरांत दिसते आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना खाटेवरूनही वाचता येते. मराठीची सोय नाही. आबांचे इंग्रजी चांगले असल्याने आमचे निभावले, पण माझ्या आईला याचा काडीचा उपयोग झाला नसता. पहाटे तीनला चहा मागणे मात्र दोन दिवसांत थांबले, कारण पडद्यावर इंग्रजीत 'नाइट' असे चक्क लिहिलेले असते. गोळ्यांची आठवण देणारी घंटी इतकी कर्कश आहे की ती मी बंदच केली.

खरा दोष ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर कळला. आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले आणि तोवर पडदा काळाच राहिला. ते एकवेळ चालले. ५ जूनला वटपौर्णिमा होती, ती आबांनी कालनिर्णयात स्वतः शोधून आम्हाला सांगितली. पण वीज आली त्या दुपारी घड्याळाने १ जानेवारीची मध्यरात्र दाखवली. बाहेर रखरखीत ऊन आणि समोर 'नाइट' अशा पेचात आबांनी विश्वास ठेवला तो घड्याळावर, आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. वेळ लक्षात ठेवणारा आतला बटणासारखा सेल मुळातच उतरलेला होता. कंपनीला तीनदा फोन केल्यावर "सेल बदलून घ्या" एवढेच उत्तर मिळाले. साडेतीन हजारांच्या वस्तूत सेल तरी ताजा असावा.

तरीही घ्यावे, असेच मी म्हणेन. मात्र आणल्या दिवशी सेल बदलावा आणि शक्य असल्यास इन्व्हर्टरवर लावावे. तिथी दाखवत नाही ही उणीव कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना जाणवणारच, कारण एकादशी आणि संकष्टीवरून दिवस ओळखण्याची त्यांची सवय जुनी आहे. म्हणून आम्ही कालनिर्णय घड्याळाच्या शेजारीच टांगले आहे. वाराचा प्रश्न अजून येतो, पण दिवसातून दोन-तीनदाच. आबा सकाळी उठल्यावर दोन्हींवरची तारीख ताडून पाहतात, कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने फुली मारतात आणि मगच तोंड धुवायला जातात.