घरी विमान बांधताना : अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा की काचकापड?

घरी विमान बांधायला घेणाऱ्यापुढचा पहिला पेच बहुधा हाच असतो: रिव्हेट (धातूच्या जोडखिळी) मारून जोडायचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा निवडावा, की १९७९ साली प्रथम उडालेल्या विमानरचनाकार बर्ट रूटान यांच्या लाँग-ईझी या विमानाप्रमाणे फोमवर काचकापड (फायबरग्लासचे कापड) आणि इपॉक्सी (कालवल्यावर कडक होणारी राळ) चढवावी?

पत्र्याचे काम तुकड्यातुकड्याने होते. रात्री अर्धा तास मिळाला तरी दहा रिव्हेट मारून दिवा मालवता येतो. इपॉक्सी मात्र एकदा कालवली की कोणासाठी थांबत नाही आणि थंडीत दाट होऊन कापडात नीट मुरत नाही, त्यामुळे सलग वेळ आणि उबदार खोली, दोन्ही लागतात.

खरा कस चूक सुधारताना लागतो. वाकडा बसलेला रिव्हेट ड्रिलने काढून नवा मारता येतो, फक्त भोक मोठे होऊ देऊ नये. काचकापडाखाली अडकलेली हवा नाण्याने टकटक केल्यावर पोकळ आवाजाने कळते आणि मग तेवढा भाग घासून पुन्हा थर द्यावे लागतात. अनेक पंख अर्धवट पडून राहतात ते या घासकामाच्या कंटाळ्यानेच, असे मला वाटते.

हत्यारांचा खर्च पत्र्याला अधिक. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की काम सोडण्याची वेळ येऊ शकते; हातमोजे हवेतच.

रोज थोडाच वेळ मिळणाऱ्याने पत्रा घ्यावा. सलग सुट्ट्या, गरम खोली आणि गुळगुळीत वळणांची हौस असणाऱ्याने काचकापड.