बेहरिंगर एक्सआर१८: चर्च बँडसाठी डबा उत्तम, वायफाय कच्चं

ना. वा. टिळकांचं भजन चालू असताना माइक बंद पडला तरी अडत नाही, मंडळीच पुढचं कडवं उचलते. स्वतःची गीतं रॉकमध्ये बसवणाऱ्या बँडला ही सोय नाही. त्यांचे शब्द लोक पहिल्यांदाच ऐकत असतात. ते ड्रमखाली दबले की सुवार्ता राहते बाजूला आणि उरतो गोंगाट. मिक्सर पारखायचा तो याच कसोटीवर, आणि एक्सआर१८ हा टॅब्लेटवरून चालवायचा डिजिटल मिक्सर तिला बऱ्यापैकी उतरतो.

माइक इनपुट १६, लाइन इनपुट २, मॉनिटरसाठी, म्हणजे वादक-गायकांना स्वतःला ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरसाठी, ऑक्स (वेगळे आउटपुट) ६. हिशेब असा बसतो: ड्रमचे किक, स्नेअर आणि वरून टांगलेले दोन ओव्हरहेड माइक मिळून ४, बेस १, इलेक्ट्रिक गिटार २, अकूस्टिक १, गायक ४, तबला-डग्गा २. झाले १४. कीबोर्डची जोडी १७-१८ वर. उरलेल्या दोनांतला एक पाळकांच्या माइकला राखून ठेवा, कारण ऐनवेळी तो मागितला जातोच. बेस थेट जोडायचा तर चॅनल १ किंवा २ वरच. हाय-झेड (गिटार-बेस थेट जोडायची सोय) तेवढ्या दोघांनाच आहे. दुसरीकडे लावला तर आवाज मिळमिळीत येतो आणि बोल बेसवाल्याला लागतो.

शब्द मोकळे करायला गायकांच्या चॅनलवर लो-कट (खालचे घुमणारे स्वर कापणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झवर ठेवा. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये ३०० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कमी करा. रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ नकोच, तो वास्तूच देते. व्यंजनं कळतात ती २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि डिस्टॉर्शनची गिटार नेमकी तिथेच ठाण मांडते. त्या पट्ट्यात गिटारचा आवाज उतरवा. गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) चढवत बसलात तर आधी शिट्टी ऐकू येईल. इथे प्रत्येक चॅनलला पूर्ण इक्वलायझर (स्वरपट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय) मिळतो, म्हणून हे जमतं.

आता दुखणं. आतलं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. सरावात झकास चालतं; सभागृह भरलं, शेकडो फोन आले की टॅब्लेट सुटतो. आवाज चालू राहतो, कारण मिक्सिंग डब्यातच होतं, पण तुमचे हात बांधले जातात. पुढे एकही फेडर नाही, म्यूटचं बटणसुद्धा नाही. म्हणून ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर खर्चात धराच. तो लॅन केबलने जोडा, डब्यावरचा स्विच इथरनेटवर करा, पासवर्ड घाला आणि राउटर स्टँडवर माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा. टॅब्लेटचा मोबाइल डेटा बंद करा. या नेटवर्कला इंटरनेट नाही असं दिसलं की तो गुपचूप दुसरीकडे उडी मारतो.

स्नॅपशॉट, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज, ६४ मावतात, गीतागणिक एक ठेवा. मात्र त्यातून गेन (माइकचा आवाज आत घेतानाची वाढ) वगळा, नाहीतर सरावाच्या खोलीतला गेन भर सभेत परत येतो.

जनरेटरवरच्या उघड्या सभेत मिक्सर आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. क्षणभर वीज गेली तरी डबा पुन्हा सुरू होईपर्यंत गीत तुटलेलं असतं. चालू करताना अँप शेवटी, बंद करताना अँप आधी.