फोन नवा, संगणक जुना: नागपुरातल्या एका टेबलावरचे चार पर्याय

नागपूरच्या महाल भागात आमच्या मोठ्या काकांचं लग्नपत्रिका छापायचं काम आहे. संगणक २०१२ सालचा, विंडोज ७, चार जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. दिवाळीत मुलानं त्यांना नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिला आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर अडचण उभी राहिली. केबल लावली की फोन चार्ज होतो, संगणकात मात्र काहीच येत नाही. "हे काहून नाही दिसून राहिलं बाप्पा?" रात्री नऊला मला फोन. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका दुकानात त्यांना आधीच सांगून झालं होतं की संगणक बदला. मला ते पटलं नाही. ज्या यंत्रावर माणसाचं पोट चालतं, ते बदलायच्या आधी नेमकं कुठं अडलंय हे तरी बघायला हवं.

काकांचं अडलं होतं केबलमध्ये. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनच्या डब्यातली केबल लावली, फोनचं लॉक उघडलं, वरची सूचना खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि विंडोज ७ नं फोन ओळखला. अँड्रॉइड फोन एमटीपी या पद्धतीनं फाइली देतो आणि विंडोज ७ ला ती मुळापासून येते. फोन लॉक असेल तर फोल्डर रिकामा दिसतो. यंत्र बिघडलं असं लोकांना वाटतं ते बरेचदा यामुळंच.

गिऱ्हाइकाकडं आयफोन असेल तर दोन गोष्टी तपासा. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन हेइक या प्रकारात फोटो काढतो आणि विंडोज ७ तो आपला आपण उघडत नाही. कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपेग होतात. केबलनं कॉपी करताना मध्येच त्रुटी येत असेल, तर फोटोच्या सेटिंगमध्ये शेवटी 'कीप ओरिजिनल्स' निवडा. आधी काढलेले फोटो मात्र हेइकच येतील, ते बदलून घ्यावे लागतात. आणि छपाईसाठीचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा मागवू नका, तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

एवढं करूनही भागत नसेल, तर चार रस्ते आहेत.

आहे तसाच ठेवायचा, पण इंटरनेट काढून

काकांसाठी मी हाच निवडला. कारण केबल नव्हतं, मराठी अक्षर होतं. त्यांची वीस वर्षांची कामं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची छोटी किल्ली, लागतो. फोनवर गिऱ्हाईक जो मजकूर टाइप करून पाठवतं तो युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत असतो. तो उचलून पेजमेकरमध्ये चिकटवला की 'चि. सौ. कां.' च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. यात फोनचा दोष नाही आणि संगणकाचाही नाही. जुन्या फाँटमध्ये 'क' चं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो. मधे एकातून दुसऱ्यात बदलणारा कन्व्हर्टर लागतो, नाहीतर मजकूर पुन्हा टाइप करायचा. कन्व्हर्टर वापरलात तर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून बघा. पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं तर गिऱ्हाईक ते जन्मभर विसरत नाही.

आता या पर्यायाची वाईट बाजू. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, पुढच्या आवृत्त्यांना विंडोज १० लागतं. व्हॉट्सॲपचं विंडोजवरचं ॲपही तिथं बसत नाही. म्हणून या यंत्रावर बँक नको, ईमेल नको, काहीच नको. इंटरनेट फोनवर, काम संगणकावर, मधे केबल किंवा ओटीजी (फोनलाही थेट लागणारा) पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला ठेवा, तो दोन्हीकडं वाचला जातो. फक्त चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही.

एसएसडी टाकून विंडोज १०

हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घातला की जुनं यंत्र खरंच हलकं होतं, हा फरक हाताला जाणवतो. रॅम वाढवणार असाल तर लॅपटॉपला डीडीआर३ लागते की डीडीआर३एल, हे आधी बघा. दोन्हींचं व्होल्टेज वेगळं आहे. विंडोज १० वर फोन संगणकाला जोडणारं फोन लिंक चालतं, फाइली बिनवायर पाठवणारं क्विक शेअर चालतं, आयफोनसाठीच्या आयट्यून्सची आताची आवृत्ती चालते. म्हणजे फोनशी जुळवून घ्यायला हा सगळ्यांत सरळ पर्याय.

पण दिवस मोजलेले आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेले वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे. माझ्या मते आज नव्यानं या वाटेला जाऊ नये. एसएसडीचे पैसे मात्र वाया जात नाहीत, तो उद्या खालच्या पर्यायात तसाच कामी येतो.

लिनक्स मिंट

घरी जुना लॅपटॉप आहे, मुलीला अभ्यासाला हवाय, फोनमधले फोटो उतरवायचेत, यूट्यूब बघायचंय: तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली बिनधास्त टाका. पैसे लागत नाहीत. मिंट २२ ला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असली तर बरं, आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अँड्रॉइड फोन केबलला लावला की दिसतो. ब्राउझर ताजा असल्यानं व्हॉट्सॲप वेब चालतं. मराठी सगळी युनिकोडमध्ये, मुक्त आणि बलू हे देखणे मोफत फाँट आहेत, त्यामुळं फोनवरचा मजकूर इथं जसाच्या तसा उतरतो.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरूनच सुरू करून बघता येतं, आतलं काही न पुसता. तेव्हाच आपला फोन लावा, वायफाय लावा, प्रिंटर लावा. तिथं जमलं तर पुढं जा.

आयफोनवाल्यांनी जरा थांबावं. फोटो उतरतात, पण आयट्यून्स लिनक्ससाठी नाही, बॅकअपला कमांड लिहाव्या लागतात. आणि पेजमेकर, श्रीलिपी, टॅली, डिजिटल सहीचा टोकन ज्यांच्या रोजीरोटीचा भाग आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये.

वापरलेला, पण अलीकडचा लॅपटॉप

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि किमान चार जीबी रॅम लागते. दुकानदार 'आय५ आहे' म्हणाला तर पुढचा आकडा विचारा. ८२५० म्हणजे आठवी पिढी, चालेल. ७२०० म्हणजे सातवी, अधिकृत यादीत नाही. दोन्हींवर 'आय५' चाच स्टिकर असतो आणि इथंच लोक फसतात. पैसे द्यायच्या आधी आपला फोन आपल्या केबलनं लावून दुकानातच एक मोठा व्हिडिओ कॉपी करून बघा. हिशेब, कर, सरकारी कामं करणाऱ्यानं वरच्या पर्यायांत अडकून न राहता हाच घ्यावा.

यंत्र जुनं ठेवा की नवं घ्या, नागपूरच्या मे महिन्याचा विचार आधी करा. पारा पंचेचाळीसपर्यंत गेला की धूळ बसलेला पंखा हरतो आणि काम मध्येच बंद पडतं. एप्रिलमध्ये एकदा उघडून साफ करा, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला. आणि डेझर्ट कूलरचा झोत सीपीयूवर घेऊ नका, ती हवा ओली असते.

काकांचं टेबल आता असं आहे: डावीकडं विंडोज ७ चं यंत्र, त्याची नेटची वायर काढून गुंडाळून ठेवलेली. उजवीकडं फोन. जुन्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर घेतल्या आहेत. डोंगल मोडला तर काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहे, म्हणून या उन्हाळ्यात नेहमीच्या दहा पत्रिकांचे साचे युनिकोडमध्ये करायला आम्ही बसणार आहोत.