परिक्रमा: बसने, सलग पायी की तुकड्यातुकड्यांनी?

इंदूरच्या मराठी घरात कुणी रिटायर झालं की नर्मदा परिक्रमेचा विषय निघतोच. ओंकारेश्वर दोन तासांवर, त्यामुळे नर्मदा मैया आपल्याला शेजारीणच वाटते. मी बसने एकदा गेले आणि एक तुकडा पायी केला. ठरवणाऱ्यांसाठी हे सांगते.

बसला पंधरा-वीस दिवस लागतात. आईला घेऊन गेले होते. महेश्वरच्या घाटावर चाळीस मिनिटं मिळाली. तिने पाय पाण्यात सोडले आणि गाडीवाल्याची शिट्टी वाजली. शिवाय रस्ता बऱ्याचदा काठापासून लांब, म्हणजे नदीपेक्षा सोयाबीनची शेतंच जास्त दिसतात. तरी बसला नावं ठेवणार नाही. पंच्याहत्तरीच्या आईला अमरकंटकचा उगम दुसऱ्या कशाने दिसला असता?

सलग पायी म्हणजे हिशेबच वेगळा. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर, वळसे निराळे. रोज २० चाललात तरी सव्वाचार महिने. चातुर्मासात चालायचं नाही, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर निघतात. (जुनी रीत ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. ती आपल्या आवाक्यातली नाही.) ज्यांच्या मागे घरचं कुणी आजारी नाही आणि गुडघे धड आहेत, त्यांनी खुशाल निघावं.

माझं मत मात्र खंड परिक्रमेकडे, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी चालण्याकडे झुकतं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने, मैया उजव्या हाताला ठेवून, समुद्राकडे मी महिनाभराहून जास्त चालले. पहिल्या आठवड्यात नव्या बुटांनी अंगठ्याचं नख काळं केलं. निघण्याआधी दोन महिने तेच बूट घालून रोज फिरायला हवं होतं, ही अक्कल नंतर आली. निमाडातल्या एका ओसरीवर म्हातारीने हाक मारली, "मैयाजी, चाय तो पी लो." चहा झाला, तिने मक्याची भाकरी थापली, मी मिरची वाटली, आणि तिथेच मुक्काम पडला. कुठे सदावर्तात कोरडा शिधा मिळतो, पीठ-डाळ, चूल आपण पेटवायची. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटायचे. मला पाड्यावरच्या पोरींनी पावरी बोलीत वाट दाखवली. निम्मं कळलं, वाट चुकली नाही.

एक अडचण आहे. परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, आणि दक्षिण तटावरून मध्येच इंदूरला परतायचं तर मोरटक्क्याचा किंवा असा कुठलातरी पूल लागणारच. चालणं थांबवलंय तर चालतं, असं काही जण म्हणतात. आमच्या रामबागेतल्या जुन्या मंडळींना ते पटत नाही. वळायला मैया दोनच जागा देते, समुद्र आणि अमरकंटक. म्हणून पहिला तुकडा समुद्रापर्यंतच करा. दक्षिण तटाच्या टोकाला, विमलेश्वरला भरतीची वाट बघत थांबावं लागतं, होडी पाण्याच्या वेळेवर सुटते, तुमच्या नाही. मिठी तलाईला उतरलात की उत्तर तट, आपल्या बाजूचा. बडोदा-रतलाममार्गे घरी या, गुडघे डॉक्टरांना दाखवा, मग अमरकंटकचं बघा.