मिरजेचा तंबोरा: मैफिलीसाठी नव्हे, स्वतःपुरता घ्यायचा असेल तर

गाणं शिकायचं नाही, कुणाला ऐकवायचं नाही, नुसतं संध्याकाळी अर्धा तास काहीतरी छेडत बसायचं आहे, अशा माणसाने गिटार किंवा कीबोर्ड घेण्याआधी मिरजेच्या तंबोऱ्याचा विचार करावा. चार तारा एकदा जुळल्या की त्यावर बेसूर वाजवताच येत नाही. डाव्या हाताला काम नाही, ताल सांभाळायचा नाही, चाल पाठ करायची नाही. निरुद्देश वाजवण्यासाठी याहून सोयीचं वाद्य आमच्या पाहण्यात नाही. मात्र जुळवणं शिकावंच लागतं आणि खरेदीच्या वेळी कान उघडे ठेवावे लागतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत आजही भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी झंकार उघडेल अशी घासण्यापर्यंत, सगळं हातानेच होतं. भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. इतर शहरांतल्या दुकानांतही ‘मिरज’ म्हणून माल विकला जातो, पण शक्यतो कारखान्यातच जाऊन, वाजवून घ्यावा.

आधी आपली पट्टी, म्हणजे आपला षड्ज (सा) ज्या स्वरावर हवा तो, सांगा. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास असतो आणि काळी एक, काळी दोन अशा (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या) पट्ट्यांत बोलतो. बायकी तंबोरा थोडा आखूड, काळी चार-पाचसाठी. बायकी तंबोरा काळी एकपर्यंत उतरवला तर तारा सैल पडतात आणि जवारी बोलत नाही. ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि दोष वाद्याचा नसतो. तिसरा पर्याय चपटी, बिनभोपळ्याची तंबुरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, एसटीने ये-जा करणाऱ्याला तीच बरी, कारण भोपळा एका धक्क्यात तडकतो. तिचा घुमारा कमी असतो, हे मान्य करून घ्यावी. नक्षी आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या कामावर मात्र पैसे घालवू नयेत, त्याने आवाजात काडीचा फरक पडत नाही.

पैसे जवारीचे असतात. घोडीचा वरचा भाग किंचित उताराचा, गोलसर घासलेला असतो. तार त्यावर हलकेच टेकत थरथरते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात. परीक्षा अशी करा: तारेखालचा सुती दोरा काढून तार छेडा, आवाज बोथट येईल. दोरा परत घालून केसभर केसभर सरकवत न्या. एका जागी आवाज एकदम उघडतो. चारही तारांना अशी जागा सापडली पाहिजे आणि चारही सारख्याच उघडल्या पाहिजेत. मग फक्त खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची चौथी तार, छेडून शांत ऐका. जवारी चांगली असेल तर त्या एका तारेतून गंधार (ग) आपोआप वर येतो. तो येत नसेल तर कारागिराला तिथेच सांगा, कानशीने घोडी पुन्हा घासून देतात.

तारा ताणायच्या खुंट्याही फिरवून पाहा. झटके देत फिरणारी खुंटी घरी गेल्यावर रोज छळते. दांडी आणि भोपळा जिथे जोडले आहेत तिथे बारीक चीर नाही ना, हे उजेडात बघावं.

जुळवताना दोरे काढून ठेवा आणि घोडीच्या खालच्या बाजूला तारांत ओवलेले मणी मध्यावर आणा. मधल्या दोन तारा म्हणजे जोड. त्यातली एक मोबाइलवरच्या ट्यूनरने षड्जाला लावा. दुसरी तिच्याशी कानाने जुळवा: स्वर जवळ आला की आवाजात लाटा ऐकू येतात, त्या मंदावत जातात आणि थांबतात, तिथे थांबा. मग चौथी तार खर्जाच्या षड्जाला, शेवटी पहिली पंचमाला (प). तार नेहमी खालून वर चढवा. वरून उतरवलेली तार थोड्या वेळात आणखी उतरते. खुंटी फिरवताना आत दाबत राहा. एवढं झालं की आधी लावलेल्या जोडाच्या तारेवर परत या, कारण बाकीच्या तारांचा ताण वाढल्याने ती हललेली असते. बारीक फरक मण्याने काढायचा: मणी घोडीपासून खाली, लंगोटाकडे (तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो. सगळं जुळल्यावर दोरे घाला. नवख्याला यात वीस मिनिटं सहज जातात.

वाजवताना पंचमाला मधलं बोट, बाकी तिघींना तर्जनी. नख नको, बोटाची कड तारेवरून घसरू द्यावी. ओढून छेडलं की करकर येते, आणि लोक दोष जवारीला देतात. आधीची तार विझायच्या आत पुढची छेडावी, बस्स.

आता त्रासाचं. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. पकड लावू नका, खुंटी मोडते. हलकेच बाहेर ओढत फिरवा. एप्रिल-मे महिन्यांत त्याच सैल पडून सुटतात, तेव्हा खुंटी काढून खडू घासावा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसायच्या, नाहीतर घामाने गंजतात. महिनोन्‌महिने वाजवायचा नसेल तर तारा एखाद स्वर उतरवून ठेवाव्यात. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारांच्या खाचा पडतात. दोरा कुठेही सरकवला तरी आवाज उघडेना, की जवारी नव्याने काढून घ्यायची. त्यासाठी मिरजेलाच जावं, सुताराकडे देऊ नये.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलचं ॲप स्वस्त आहे, सुरातून ढळत नाही, रियाजाला सोयीचं आहे. पण ते ऐकायचं साधन आहे. ज्याला हाताने काही छेडायचं आहे, त्याचं त्यावर भागत नाही.

ज्यांना चाली वाजवायच्या आहेत त्यांनी तंबोरा घेऊ नये, दोन दिवसांत कंटाळतील. त्यांनी पेटी घ्यावी. बाकीच्यांना आमची शिफारस साध्या, बिननक्षीच्या बायकी तंबोऱ्याची, पुरुषी पट्टी असेल तर पाच फुटी, आणि जागा नसेल तर तंबुरीची. सोबत जाड अस्तराची गवसणी, तारांचा एक जादा संच आणि दोऱ्याची गुंडी तिथूनच मागून घ्यावी.