विंचेस्टर 94, मार्लिन 336 की सॅव्हेज 99? लिव्हरवाली जुनी रायफल घेणाऱ्यांसाठी

दर ऑक्टोबरात इथे अमेरिकेत एखाद्या तरी मराठी मित्राचा फोन येतो. आधी इकडचं तिकडचं, दिवाळी फराळ कुठून मागवलास वगैरे, आणि मग हळूच: "ती लिव्हरवाली जुनी रायफल घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ?" लिव्हरवाली म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची. यातल्या निम्म्यांनी हरणावर कधी बार काढलेला नसतो. कुणा सहकाऱ्याच्या डिअर कॅम्पवर, म्हणजे हरणाच्या शिकारीसाठीच्या जंगलातल्या खोलीत, एक रात्र राहून आलेले असतात, भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली रायफल बघितलेली असते, आणि ती डोक्यातून जात नाही. मी हसत नाही. माझंही असंच झालं होतं.

माझा कॅम्प उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत आहे. माझा म्हणजे शेजारच्या आजोबांचा. सरकारी जंगलाच्या भाड्याच्या तुकड्यावर त्यांच्या वडिलांनी बांधलेली एक खोली, मधोमध लाकडाची शेगडी, दोन्ही बाजूंना दुमजली बाकडी. खुंटीवर वूलरिचचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट, ज्याला इथले लोक थट्टेने 'पेनसिल्व्हेनियाचा टक्सिडो' म्हणतात. तो कोट विणणारी गिरणी 2018 मध्ये बंद पडली. छताच्या तुळईला शर्टांचे कापलेले तुकडे ठोकलेले. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं, आणि तुळईला खिळा मारायचा. सर्वांत जुना तुकडा 1950 च्या दशकातला आहे.

पूर्वी इथला रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असे. 2019 पासून तो शनिवारी सुरू होतो आणि आजोबांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही. सोमवार असताना शनिवार-रविवार लाकडं फोडायला, पत्ते कुटायला आणि मागच्या वर्षीच्या थापा पुन्हा मारायला मोकळे मिळायचे. आता माणसं शुक्रवारी रात्री येतात, झोपतात आणि पहाटे जंगलात.

ही आठवण आपली नाही, हे मला कळतं. आपल्याकडच्या शिकारीच्या गोष्टी वेगळ्या: मचाण, हाकारे, ठासणीची बंदूक, कोकणातल्या एखाद्या घरात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर मिळालेली एकनळी. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तेही आटत गेलं. तरी उसन्या आठवणीवर खरे पैसे खर्च होणार असतील, तर ते कळून केलेले बरे. एक गोष्ट आधीच सांगतो: नुसतं हरीणच मारायचं असेल तर दुर्बीण लावलेली, प्लॅस्टिकच्या दस्त्याची नवी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे हाताने खिटी मागेपुढे करायची रायफल, घ्या. स्वस्त पडते आणि लांबवर जास्त अचूक. पुढचं सगळं ज्यांना ते ऐकायचं नाही त्यांच्यासाठी.

उमेदवार तीन: विंचेस्टर 94, मार्लिन 336 आणि सॅव्हेज 99. पैकी पहिल्या दोघींची बहुतेक वेळा .30-30 हीच काडतुसं. हे काडतूस 1895 मध्ये आलं, धूर न करणाऱ्या दारूसाठी बनवलेल्या पहिल्या अमेरिकन शिकारी काडतुसांपैकी एक. आजच्या मानाने ते मंद आहे, दीडशे वारांपलीकडे गोळी चांगलीच खाली यायला लागते. पण पॉटर काउंटीतल्या हेमलॉकच्या झाडीत शंभर वारांपलीकडचं हरीण दिसतंच कुठे? शिवाय धक्का सोसवणारा. दोघींतही काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेलं. म्हणून गोळ्या चपट्या टोकाच्या लागतात. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी आतल्या आत फुटायची भीती. लवचीक टोकाच्या खास गोळ्या आता मिळतात, त्या चालतात.

आता 94. जॉन ब्राउनिंगने आखलेली, 1894 पासून कनेटिकटमधल्या न्यू हेवनमध्ये बनलेली. सत्तर लाखांहून जास्त निघाल्या. दहा लाखावी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट गेली. आकडे सोडा, ती उचलून बघा. वजन साडेसहा-पावणेसात पौंड, आणि सगळा तोल लिव्हरच्या जरा पुढे. तिथे ती इतकी सडपातळ आहे की एका हाताच्या मुठीत मावते, आणि दिवसभर डोंगर चढताना हात दुखत नाही. माउंटन लॉरेलच्या कंबरभर झुडपांतून वाट काढताना ही गोष्ट कळते. दुकानात नाही कळत. लिव्हर खाली-वर केली की खटाक् असा एक कोरडा आवाज येतो. ज्या मित्रांना 'ती' रायफल हवी असते त्यांना बहुतेक हाच आवाज हवा असतो.

पण 94 म्हणजे एक वस्तू नव्हे. 1964 मध्ये खर्च कमी करायला कारखान्याने बरंच बदललं: काडतूस वर उचलणारा भाग पत्र्याचा आला, भरीव पिनांच्या जागी पोकळ आल्या, बॉडीचं पोलाद असं की घासली गेल्यावर निळा मुलामा पुन्हा नीट चढेना. म्हणून लोक '1964 आधीची' म्हणून जास्त पैसे मोजतात. अनुक्रमांक 27 लाखांच्या खाली असेल तर ती जुनी समजा. माझं मत विचाराल तर नंतरच्याही हरणं व्यवस्थित पाडतात, फरक हातात आणि कानात कळतो. 1970 च्या दशकातली, मुलामा उडालेली, दस्त्यावर ओरखडे असलेली 94 कमी किमतीत मिळाली तर बिनधास्त घ्या. आधीच कुणी वापरून खराब केलेली रायफल जंगलात न्यायला जिवावर येत नाही.

तिची अडचण वेगळीच. जुनी 94 रिकामं काडतूस वरून फेकते, त्यामुळे वर मधोमध दुर्बीण बसत नाही. 1980 च्या दशकात काडतूस बाजूला तिरकं फेकणारी आवृत्ती आली, पण मग 'जुनी' कुठे राहिली? आणि 1992 नंतरच्यांना बॉडीत आडव्या बटणाची सुरक्षा आली, ती दिसते तशीच, म्हणजे शर्टावर चुकून लावलेल्या जादा बटणासारखी. न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला. आताच्या नव्या 94 जपानात बनतात. काम अतिशय सफाईदार, पण किंमत ऐकून तुमचा जुन्याचा मोह आपोआप वाढेल.

दुर्बिणीशिवाय म्हणजे उघड्या नेमावर, आणि इथे आपल्या वयाचा प्रश्न येतो. मागची खाच, पुढचा मणी आणि लांबचं हरीण, या तिन्हींवर चाळिशी लागलेला डोळा एकदम बसत नाही. आजोबांनी पहिल्या वर्षी मला त्यांची 94 दिली होती. संध्याकाळचा उजेड, साठेक वारांवर दोन हेमलॉकच्या मधे शिंगवाला नर, मान खाली घालून उभा. मला मणी स्पष्ट दिसला तर खाच धुरकट, खाच दिसली तर नर धुरकट. बार काढला तो शेजारच्या बर्चच्या सालीत. तुळईवर माझ्या शर्टाचा तुकडा आहे, खाली 2011. 94 च घ्यायची असेल तर मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची 'पीप साइट' बसवा. भोकातून बघताना डोळा मधोमध आपोआप धरतो, तीनपैकी एक गोष्ट कमी होते. मात्र जुन्या बॉडीत नवी भोकं पाडायला लागणार असतील तर थांबा. 1964 आधीच्या रायफलची किंमत त्या दोन भोकांनी धाडकन उतरते. तसंच विकत घेताना कुणी आधी भोकं पाडून स्क्रूने बुजवली आहेत का, ते नखाने चाचपून बघा.

मार्लिन 336 नेमकी इथे जिंकते. 1948 पासूनची, तिचं कूळ 1893 च्या मार्लिनपर्यंत जातं. बॉडी वरून बंद, काडतूस उजव्या बाजूला पडतं, त्यामुळे दुर्बीण मधोमध खाली बसते. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून वर भोकंही कारखान्यातूनच पाडून येत. वजन सातेक पौंड, 94 पेक्षा थोडी जाड, मुठीत तितकी मावत नाही, आणि दुर्बीण लावली की मधोमध धरून चालायची मजा संपली. हा सौदा खरा आहे, लपवत नाही. सफाई मात्र सोपी: लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि मागोमाग बोल्ट बाहेर, सळई मागून सरळ नळीत. 94 ची एवढी उघडझाप करायचा कंटाळा येतो, मग लोक नळीच्या तोंडातून सळई घालतात आणि तोंड झिजवतात.

336 घेताना कुठल्या काळातली ते बघा. नळीवर डावीकडे, बॉडीजवळ, छोटं 'जेएम' कोरलेलं असेल तर ती जुन्या कनेटिकटच्या कारखान्यातली. रेमिंग्टनने कंपनी घेतल्यावर उत्पादन 2011 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हललं, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या रायफलींबद्दल भरपूर तक्रारी झाल्या: तिरक्या साइट, लाकूड आणि लोखंड यांच्यात फट. त्यांच्या नळीवर 'आरईपी' असतं. पुढे काम सुधारलं, पण बदनामी राहिली. 2020 मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेल्यावर रूगरने मार्लिन घेतली. 2023 पासून त्यांची नवी 336 मिळते आणि ती चांगली आहे. 1973 पासून पुढच्या 'जेएम' रायफलीचं साल काढायची एक गंमत: अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे 100 मधून वजा करा. 25 असेल तर 1975. दुकानदारासमोर हा हिशोब तोंडी केला की तो जरा नीट बोलायला लागतो, हा स्वानुभव.

.35 रेमिंग्टन काडतुसाची 336 दिसली आणि किंमत मोहात पाडत असली, तर आधी काडतुसं कुठे मिळतात ते बघा. .30-30 वाण्याकडच्या साखरेसारखं आहे, .35 तसं नाही.

तिसरी सॅव्हेज 99, आणि हिच्याबद्दल मी पक्षपाती आहे. आर्थर सॅव्हेज जमैकात जन्मलेला माणूस, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात येऊन त्याने 1899 ची ही रायफल काढली. बाहेर घोडा नाही, सगळं पोटात. काडतुसं नळकांड्यात नाही, तर फिरत्या चरकासारख्या मॅगझिनमध्ये बसतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला लागत नाही, म्हणून टोकदार गोळी चालते आणि पल्ला वाढतो. बॉडीच्या डाव्या बाजूला एक छोटी खिडकी आणि तिच्यात पितळी आकडा: किती काडतुसं उरली. शेगडीजवळ बसून तो आकडा एक-एक उतरताना बघायला मला लहान मुलासारखं आवडतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं, त्यामुळे आता जी आहे ती जुनीच आणि महागच. .300 सॅव्हेज, .308, .243 यांपैकी असेल तर घ्या. .303 सॅव्हेज असेल तर काडतुसं शोधत फिराल. दस्ता जिथे बॉडीला भिडतो तिथे लाकूड चिरतं, उजेडात धरून तिथेच आधी बघा.

पण पहिलीच रायफल म्हणून 99 मी कुणाला सुचवत नाही. घोडा बाहेर दिसतो तेव्हा नवख्यालाही आणि शेजारी उभ्या माणसालाही कळतं की रायफल कुठल्या अवस्थेत आहे. 99 मध्ये ते शिकावं लागतं. हाकाऱ्याला हे फार महत्त्वाचं. हो, इथेही हाकारा असतो, अर्धे लोक ओळीने झाडी झोडपत येतात आणि अर्धे वाटेवर उभे. पेनसिल्व्हेनियात एका हाकाऱ्यात 25 च्या वर माणसं चालत नाहीत.

ओसरीवरचा प्रसंग सांगतो, कारण निवड करताना तो कुणी सांगत नाही. संध्याकाळी कॅम्पात शिरायच्या आधी रायफल रिकामी करायची. 94 आणि 336 मध्ये उरलेलं प्रत्येक काडतूस लिव्हर चालवून चेंबरमधून बाहेर काढावं लागतं. हात गारठलेले, हातमोजा दातात धरलेला, नळी जंगलाकडे, बोट चापाच्या बाहेर. 94 ची काडतुसं वर उडून टोपीवर आपटतात, 336 ची उजवीकडे बर्फात पडून गडप होतात. एकेक मोजून उचलायची. भरतानाही बाजूच्या स्प्रिंगच्या दाराने अंगठा चावलेला असतोच. हेन्री कंपनीच्या नव्या लिव्हर रायफलीत नळकांड्याची आतली नळी ओढली की काडतुसं सरळ हातात येतात, हे तिचं मोठं सुख. काढता येणाऱ्या मॅगझिनची 99 सी ही आवृत्ती हेही टाळते, पण तिच्यात ती पितळी खिडकी नाही.

बाकी भराभर. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणारी रायफल चालत नाही, लिव्हर चालते. डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच केशरी कापड अंगावर हवं, म्हणजे तो वूलरिचचा कोट आता केशरी बंडीखाली जातो. पहिला परवाना काढायला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो आधी करा, रायफल नंतर. ग्रीन कार्ड असेल तर दुकानातून घेता येते. एच-1बी सारख्या व्हिसावर साधारणपणे बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असला तर त्यात अपवाद आहे, पण दुकानात बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म 4473 भरण्याआधी नियम स्वतः वाचा. चूक भरली तर प्रकरण व्हिसापर्यंत जातं.

तर कुणी काय घ्यावं? डोळे अजून तरुण, चालण्याची हौस, भिंतीवरचं चित्र हातात हवं: 94. चष्मा आहे, हरीण घरी आणायचं आहे, एकच रायफल ठेवणार: 'जेएम' 336, वर छोटी, कमी ताकदीची दुर्बीण. दोन्ही करून झालं आणि खिसा परवानगी देतो: 99, .300 किंवा .308.

माझ्याकडे 1975 ची 336 आहे. त्या बर्चनंतर दोन महिन्यांनी घेतली आणि तेव्हापासून तुळईवर माझा दुसरा तुकडा लागलेला नाही. आजोबा आता जंगलात जात नाहीत, शेगडीपाशी बसून असतात. गेल्या हंगामाच्या शेवटच्या दुपारी ते म्हणाले, जरा हिला हवा दे. मी त्यांची 94 रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि ओढ्यापर्यंत जाऊन आलो, तिला त्या सडपातळ जागी मुठीत धरून. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काही दिसलं का?"

"दोन माद्या," मी म्हणालो.

त्यांनी रायफल घेतली, तेलाचं फडकं फिरवलं आणि खिळ्यांवर ठेवली.